फोनवर बघितलं

"फोनवर बघितलं होतं," असं ती म्हणून गेली, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मग तिच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. मालकांच्या टेबलावर परत आलेल्या दोऱ्याची सहा रिळं उभी होती. शेजारी डॉक्टर घालतात तसल्या पांढऱ्या कोटाची एक सुटी बाही पडली होती, आणि त्या बाहीवरची शिवण निळी दिसते असं मालक आणि रंगखात्याचा सुपरवायझर दोघंही म्हणत होते. तिला काही ती निळी दिसत नव्हती. पांढऱ्यावर पांढरी शिवण, दुसरं काय असणार? मालकांनी विचारलं, "बाई, तुमच्या हातून असं कसं झालं?" आणि विचारताना त्यांचा आवाज इतका मऊ होता की ती गडबडली. एकोणतीस वर्षांत त्यांनी तिच्यापुढे असा आवाज लावला नव्हता. ते ओरडले असते तर ती तडकली असती, आणि तडकली असती तर खरं बोलली असती. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं ते बोलले, आणि समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणून गेली, फोनवर बघितलं होतं. त्यासरशी सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. सुपरवायझरनं तर सुस्काराच सोडला. "तरीच," मालक म्हणाले. "कोटवाल्यांनी घाईघाईत फोटो पाठवला तो ना? अहो, फोटोवरून कधी पांढरा जुळतो का? आणि तुमचा तो फोन, तो आता पेन्शनीत काढा. शनिवारी अर्धा दिवस आहे, जा आणि तुमच्या कामाला साजेल असा चांगला फोन घ्या. बिल मला आणून द्या." विषय मिटला. दोष फोनचा निघाला, फोनला तोंड नव्हतं, आणि ती रिळं उचलून आपल्या जागेवर येऊन बसली.

कारखान्यात तिला सगळे शेडबाई म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर तिनंच मागं वळून बघितलं असतं, कोण ही म्हणून. दोरा रंगवायचा कारखाना. कुठून कुठून कापडाचे तुकडे यायचे, शाळेच्या गणवेशाचे, सोफ्याच्या खोळींचे, नवरीच्या झग्याचे, आणि त्या कापडात शिवल्यावर दिसेनासा होईल असा दोरा रंगवून द्यायचा. नव्या माणसांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "आपला दोरा कुणाच्या नजरेत भरला की समजायचं, आपण नापास." छोट्या भांड्यात एक लडी रंगवायची, वाळवायची, लाइटबॉक्सच्या, म्हणजे दिव्यांच्या पेटीच्या उजेडात तुकड्याच्या शेजारी ठेवायची, मान जराशी कलती करून डाव्या डोळ्यानं बघायचं, आणि मग थेंबाथेंबानं पुढं जायचं. एक थेंब पिवळा, अर्धा तांबडा. थांबायचं कुठं हे कळणं, एवढीच सगळी विद्या. ती विद्या कुठून आली ते तिला पक्कं आठवत होतं. आई शिवणकाम करायची आणि दोरा संपला की हिला दुकानात पिटाळायची. तुकडा द्यायची नाही, कारण तुकडा मशीनवर अडकलेला असायचा. "बघून घे आणि तसाच आण," म्हणायची. मग ही आठ वर्षांची पोर तो रंग डोक्यात घेऊन निघायची, आणि वाटेत कशाकडेही बघायची नाही, कुणाच्या दारातल्या फुलांकडे नाही, गाड्यांकडे नाही. दुसरा रंग मध्ये आला तर हातातला सांडेल अशी भीती. दुकानात पोचली की खाली घातलेली मान वर करायची आणि शंभर रिळांतून एक उचलायची. आई ते रीळ कापडावर ठेवायची आणि काही न बोलता सुईत ओवायची. शाबासकी म्हणून एवढंच, पण त्या न बोलण्याची चव तिला अजून आठवत होती.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक यंत्र होतं आणि यंत्रापाशी पस्तिशीची एक बाई होती. तिला शेडबाईनंच नाव ठेवलं होतं, आकडेबाई. यंत्राच्या तोंडाशी लडी धरली की ते एक आकडा सांगायचं. आकडा एकच्या आत आला तर जुळलं, बाहेर गेला तर चुकलं. किती चुकलं ते यंत्र सांगे. काय केलं म्हणजे जुळेल ते त्याला सांगता येत नसे, ते शेडबाईनं सांगायचं. आकडेबाईचं काम म्हणजे शेडबाईनं पास केलेल्या लडीचा आकडा नोंदवायचा, शेडबाईनं लिहिलेली रेसिपी, म्हणजे कुठल्या रंगाचे किती थेंब, ती संगणकात भरायची आणि खाली रंगखात्यात पाठवायची. सहा वर्षं ही बाई शेजारी बसत होती. हुशार, अबोल, डबा खाताना वाटीतलं अर्धं न विचारता हिच्या डब्यात घालणारी. शेडबाईची तिच्यावर माया होती, पण त्या मायेत बारीकशी कीवही होती. "तुला रंग दिसत नाही गं, तुला आकडा दिसतो," ती म्हणायची, आणि आकडेबाई हसून मान खाली घालायची. माझ्यामागं इथं फक्त आकडे उरतील, असं शेडबाई घरी नवऱ्याजवळ म्हणायची, आणि म्हणताना तिला वाईट वाटायचं ते खरंखुरं वाटायचं. त्या पांढऱ्या दोऱ्याच्या वेळी आकडेबाई दोन दिवस रजेवर होती, वडिलांचा पाय मोडला म्हणून. यंत्रावर दुसरं कुणी नव्हतं. शेडबाईनं आपल्या हातानं कागदावर रेसिपी लिहिली आणि कागदच खाली पाठवला.

फोटो आला होता हे खरं. तो तिनं उघडलासुद्धा नव्हता, कारण फोटोवरून रंग जुळवणं म्हणजे तिसऱ्याच्या सांगण्यावरून माणूस ओळखण्यातला प्रकार, असं तिचं ठाम मत होतं. त्याच दुपारी दोन वाजता कुरियरनं कापडाचा खरा तुकडा आला होता. तो तिनं सही करून घेतला होता आणि साडेपाचपर्यंत लाइटबॉक्ससमोर बसून त्याच्यावर काम केलं होतं. तुकडा कोरा पांढरा, त्यात निळ्याचा नुसता श्वास. लडी पिवळट दिसत होती. तिनं निळ्याचा एक थेंब टाकला. काही फरक दिसेना. आणखी एक टाकला. तरी दिसेना. थेंब पाण्यात पडताना दिसायचा, आणि दोऱ्यावर गेल्यावर कुठं जायचा कुणास ठाऊक. शेवटी तिनं टाकायचे तेवढे टाकले आणि आता बरं आहे असं स्वतःला सांगितलं. बरं आहे. हा शब्द तिनं आयुष्यात रंगाबद्दल कधी वापरला नव्हता. रंग जुळतो किंवा जुळत नाही. बरं असते ती तब्येत.

हे सगळं मनात ठेवूनही निभलं असतं. माणूस किती काय काय मनात ठेवतो. पण बुधवारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून एक अनोळखी बाई बोलायला लागली. ज्या दवाखान्यासाठी कोट शिवत होते तिथल्या शिवणखात्यातली. "बाई, मला तुमची माफी मागायची होती," ती म्हणाली. "फोटो मीच काढला हो. खिडकीपाशी न्यायला हवा होता, घाईत तसाच दिव्याखाली काढला. तुम्हाला उगीच बोल लागला असेल. आमचे साहेब मला म्हणाले, तुझ्यामुळे दोन दिवस काम अडलं." आता सांगायला हवं, शेडबाईला वाटलं, आत्ताच. पण तिच्या तोंडून निघालं, "असू दे हो, होतं असं." आणि पलीकडची बाई "तुम्ही फार चांगल्या आहात" म्हणाली. तेव्हापासून ते 'चांगल्या आहात' तिच्या कानातून जाईना. जेवताना आकडेबाईनं अर्धी वाटी तिच्या डब्यात घातली तेव्हा तिला वर बघवेना.

शनिवारी दुपारी ती फोन घ्यायला निघाली तेव्हा पर्समध्ये बारा रिळं होती. नवऱ्यानं सकाळीच सल्ला देऊन ठेवला होता. जन्मभर बसच्या आगारात वेळा लिहिण्याचं काम करून तो निवृत्त झाला होता आणि कुठल्याही वस्तूत किती वेळ चालणार एवढंच बघायचा. "बॅटरी बघ. बाकी सगळे एकाच माळेचे मणी." तो चहा पीत होता आणि त्याच्या अंगावर धुतलेला सदरा होता, आणि तो सदरा तिला पिवळट दिसत होता. घरातलं सगळंच पांढरं गेल्या वर्षभरात पिवळं पडत चाललं होतं. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं. तिनं साबण बदलून पाहिला, मग पाणी उकळून पाहिलं, मग सुनेला चार शब्द ऐकवले. सून म्हणाली, "आई, मला तर स्वच्छ दिसतंय," तर हिला वाटलं, उलट बोलते. शेवटी पांढरे कपडे हिनं स्वतःच्या ताब्यात घेतले आणि बादलीत नीळ घालायला सुरुवात केली. एक चमचा, मग दोन, मग अंदाजानं. नवरा बागेत फिरायला जायचा तिथले म्हातारे त्याला विचारायचे, तुमच्या घरी नीळ फुकट मिळते का? तो हे घरी येऊन हसत हसत सांगायचा, आणि पुन्हा तोच सदरा घालून जायचा. चांगला माणूस. इतकी वर्षं झाली, तिनं दिलेल्या कुठल्याही रंगाला तो कधी नाही म्हणाला नव्हता. रस्त्यानं चालताना तिला हे सगळं ओळीनं आठवत होतं, सदरा, बादली, थेंब, पण ती ओळ जिकडं जात होती तिकडं ती बघत नव्हती. फोन जुना आहे, ती स्वतःला सांगत होती, चांगला फोन घेतला की निम्मी कामं सोपी होतील. खोटं बोलताना निदान समोर दुसरं कुणी असावं, इथं तर तीच बोलत होती आणि तीच मान हलवत होती.

दुकान लांबट होतं, एका बाजूला काचेखाली फोन आणि दुसऱ्या बाजूला फोनची कव्हरं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि बोलायची घाई नसलेला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला तो तिला आवडला. "फोन तुमच्याकडं कशासाठी राहणार आहे?" काय करायचंय असं नाही, कशासाठी राहणार आहे. म्हणजे कामाला ठेवायच्या माणसाबद्दल विचारावं तसं. "लोक येतात आणि कॅमेरा किती, मेमरी किती ते विचारतात," तो म्हणाला. "घरी जाऊन मुलीशी बोलतात आणि बातम्या बघतात. त्याला एवढा पैसा कशाला घालवायचा? तुमची गरज सांगा, मग बोलू." "मला रंग खरा दिसायला हवा," ती म्हणाली. तिनं काचेवर पर्स उपडी केली आणि रिळं एका ओळीत उभी केली. त्याचा चेहरा एकदम बदलला. चष्मा नाकावर आला. "शेड जुळवता तुम्ही?" त्यानं विचारलं, आणि मग कळलं की फोनच्या आधी बावीस वर्षं तो फोटो धुवायच्या लॅबमध्ये होता. चेहऱ्यावर लाली चढली तर किती उतरवायची, सावलीतला हिरवा कसा काढायचा, हे सगळं त्यानं केलं होतं, आणि इतक्या वर्षांत या दुकानात येऊन रंग खरा हवा असं कुणी म्हटलं नव्हतं. तो गल्ल्यावरून उठलाच. एकेक करून त्यानं सात फोन बाहेर काढले, सगळ्यांचा उजेड सारखा केला, डोळ्यांना आराम म्हणून पडदा पिवळा करायची जी सोय असते ती प्रत्येकात बंद आहे ना ते तपासलं, आणि सातही पडद्यांवर नुसता कोरा पांढरा आणला. दोघं त्या सात पांढऱ्यांवर वाकले. तिला बरं वाटत होतं. किती दिवसांनी कुणाशी तरी रंगावर बोलत होती.

"हा पिवळा आहे," तिनं पहिल्या फोनवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "असेल, थोडा." "हाही पिवळा." "हा?" त्यानं फोन उचलला, दारापाशी नेला, परत आणला. "आणि हा तर फारच." तिसऱ्यापाशी तो फोनऐवजी तिच्याकडं बघायला लागला. चौथा, पाचवा. एकसारखं पिवळं, सकाळच्या सदऱ्यासारखं. सातव्या फोनला त्यानं आधीच सांगितलं होतं की हा जरा निळसर आहे, याची खोडच आहे ती. तिनं मान कलती केली आणि बघितलं. सातवा तिला दुधासारखा शुभ्र दिसला, सगळ्यांत खरा. "हा घेते," ती म्हणाली. त्यानं सातवा फोन उचलला नाही. तो काचेवरची रिळं उगीच सरळ करत राहिला. "ताई," तो म्हणाला. आत आल्यापासून तो मॅडम म्हणत होता. "आमच्या लॅबमध्ये आमचे गुरुजी होते. प्रिंट बघून सांगायचे, अमक्या दिवशी ढग होते. एका वर्षी त्यांचे सगळे प्रिंट निळे यायला लागले. म्हणाले मशीन बिघडलं. मशीन बदललं. मग कागद बदलला, औषधं बदलली. आम्ही सगळे बघत होतो, पण त्यांना सांगणार कोण? शेवटी त्यांच्या बायकोनं एका जेवणात त्यांना एक डोळा झाकायला सांगितला." तो थांबला. "तुम्ही नेहमी डाव्या डोळ्यानं बघता का?"

उत्तर तिच्याजवळ होतं, किती तरी महिने होतं. एखाद्या खोलीत जायचंच नाही असं ठरवलं की माणूस त्या बाजूनं चालतसुद्धा नाही, तसं तिनं डावा डोळा झाकून बघायचं टाळलं होतं. आरशासमोर तेल लावताना एका डोळ्यावर हात यायचा तर ती दोन्ही मिटून घ्यायची. आता त्या दुकानात, दुपारच्या चांगल्या उजेडात, अनोळखी माणसासमोर तिनं डावा तळहात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला. सहा फोन पांढरे झाले. सातवा निळा पडला, स्वच्छ निळा, कुणा आंधळ्यालाही कळेल इतका. तिनं हात खाली घेतला, उजव्या डोळ्यावर ठेवला. पिवळे. पुन्हा बदलला. पांढरे. असं तिनं किती वेळा केलं ते तिचं तिलाच कळलं नाही. काचेवर पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ होतं, परत आलेल्यांपैकी, तेही तिनं उजव्या डोळ्यानं बघितलं आणि तिला शरमेनं घाम फुटला. इतकं निळं तिनं कुणाला दिलं? एवढ्या निळ्यासाठी तिनं पूर्वी माणसांना हाकलून दिलं असतं. शेडबाई म्हणजे हा डोळा. तो गेला तर खाली उरते ती एक छप्पन्न वर्षांची बाई, जिला फोन धड चालवता येत नाही आणि जी खोटं बोलते. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, तोही त्या फोनवाल्यावर.

"मग पुढं काय झालं तुमच्या गुरुजींचं?" तिनं खरखरीत आवाजात विचारलं. "मोतीबिंदू निघाला. एका सकाळी जाऊन काढून आले. आठवड्यानं लॅबमध्ये आले आणि मधल्या वर्षातले आपले प्रिंट बघून डोक्याला हात लावून बसले. मग आमच्यावर खेकसले, गाढवांनो, सांगितलं का नाहीत. पुढं अकरा वर्षं काम केलं त्यांनी. फार त्रास दिला आम्हाला." तो हसला. "तुमचं तेच आहे असं मी कसं म्हणू? मी फोन विकतो. पण समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई आहेत. फोन मी ठेवून देतो, तो कुठं पळत नाही." त्यानं सातही फोन उचलून काचेखाली ठेवले, आणि ठेवताना एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. त्या न बघण्याबद्दल ती त्याची आयुष्यभर आभारी राहिली. तिनं रिळं गोळा केली आणि रस्ता ओलांडला. डॉक्टरीण बाईंनी यंत्रातून बघितलं, दोन्हीकडं आहे म्हणाल्या, डावीकडं पिकलाय, उजवीकडं सुरुवात. "काढून टाकू. घाबरायचं काही नाही. तुम्ही काम काय करता?" आणि तिनं सांगितल्यावर त्या बाई खुर्चीत मागं रेलल्या आणि म्हणाल्या, "अरे वा. मग तुम्हाला ऑपरेशननंतर मजा येणार आहे. लोक सांगतात, सगळं धुऊन काढल्यासारखं दिसतं." येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारची तारीख एका चिठ्ठीवर लिहून मिळाली.

रस्त्यावर येऊन ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. छाती हलकी झाली होती आणि त्याचाच तिला राग येत होता. इतकं सोपं होतं तर आपण वर्षभर कशाला मरत होतो? पण सोपं तेवढं डोळ्याचं होतं. खोटं तिच्या डोळ्यानं बोललं नव्हतं. मालकांना सोमवारी सांगायचं. त्या शिवणखात्यातल्या बाईला फोन करायचा, तिच्या साहेबांनाही करायचा. ही दोन्ही कामं तिनं मनात लावून ठेवली. पण आधी आकडेबाई, कारण तिच्याशेजारी बसून उद्या-परवा पुन्हा डबा खायचा होता. तिनं पर्समधून जुना फोन काढला. तो फोन म्हणजे एक नमुनाच होता. त्यात बोलणं ऐकायचं तर एक कान झाकून दुसऱ्यात फोन कोंबावा लागे. "अगं, मी बोलतेय. त्या पांढऱ्याचा तुकडा आला होता. मी फोटो बघितलाच नव्हता. माझा डोळा गेलाय. म्हणजे गेलाय असं नाही, मोतीबिंदू आहे, निघेल तो. पण मी खोटं बोलले." एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. पलीकडं काही क्षण नुसती खरखर होती. मग आकडेबाईचा आवाज आला, तुटत तुटत. "...माहीत होतं, बाई... सही... मीच सहा महिने... निळा कमी..." समोरून एक ट्रक गेला. "...रागावू नका..." "काय कमी? अगं मोठ्यानं बोल," शेडबाई ओरडली. "...दोन थेंब..." आणि खरखर, आणि मग काहीच नाही. सहा महिने. निळा कमी. ती फोनकडं बघत राहिली. त्याला बडवून काही उपयोग नव्हता, तरी तिनं दोनदा बडवलं.

ती पुन्हा रस्ता ओलांडून दुकानात शिरली तेव्हा दुकानदार चष्मा पुसत होता. "ज्यात समोरच्या माणसाचं बोलणं नीट ऐकू येईल असा फोन दाखवा," ती म्हणाली. "रंग कसाही असू दे. आणि बिल माझ्या नावावर करा, कारखान्याच्या नाही." त्यानं खालच्या फळीवरून एक जाडजूड फोन काढला. "हा दिसायला काही खास नाही. म्हातारी माणसं नेतात." "दिसण्याचं नंतर बघू." त्यानं तिच्या जुन्या फोनमधलं कार्ड काढून नव्यात घातलं, नंबर जोडून दिला, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, खोक्यांच्या ढिगापाशी, जिथं रस्त्याचा आवाज पोचत नव्हता, तिथलं स्टूल तिच्यापुढं सरकवलं.

"हां. आता बोल. पहिल्यापासून बोल."

"रागावणार नाही ना?"

"रागावेन. तू बोल."

आवाज इतका जवळून आला की आकडेबाईनं आवंढा गिळलेलाही ऐकू आला. सहा महिन्यांपूर्वी, ती सांगत होती, लहान बाळांच्या कपड्यांचा दोरा होता, मोतिया पांढरा. तुम्ही पास केलात आणि यंत्रानं आकडा दाखवला तीन. मला वाटलं यंत्र बिघडलं. दोनदा तपासलं. मग रेसिपी संगणकात भरताना मी निळा दोन थेंब कमी लिहिला. दोरा जुळला. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. मग जिथं जिथं निळा होता तिथं तिथं. "तुम्हाला सांगायला यायचे, बाई, खरंच. तुमच्या टेबलापर्यंत यायचे. पण तुम्ही लडीकडं बघत असायचात आणि माझा धीर व्हायचा नाही. वाटायचं, हे सांगितलं तर बाई उद्यापासून येणारच नाहीत."

"किती शेडा झाल्या अशा?"

"एकेचाळीस. लिहून ठेवल्यात."

"त्यातल्या परत किती आल्या?"

"एकही नाही. ही एकच आली, माझ्या रजेतली."

शेडबाईचे कान तापले. सहा महिने तिच्या नावानं एकेचाळीस रंग गेले होते आणि त्यातला एकही तिचा नव्हता. मध्यंतरी मालकांनी सगळ्यांसमोर तिच्या नजरेचं कौतुक केलं होतं, तेव्हा ही बाई मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि आपण हिची कीव करत होतो, हिला आकडा दिसतो म्हणून. फोन बंद करून टाकावा असं तिला वाटलं, अंगठा तिथपर्यंत गेलासुद्धा. पण कामाची सवय रागापेक्षा जुनी होती. मनात ती त्या एकेचाळीस लडींवरून हात फिरवायला लागली होती, आणि एका जागी हात अडला.

"दरवेळी दोनच थेंब?"

"नाही. कधी तीन. करड्यात एक. त्या फिकट जांभळ्यात दीड."

"दीड?" शेडबाई स्टुलावर सरळ झाली. "दीड कुणी सांगितलं तुला? यंत्र आकडा सांगतं, थेंब नाही सांगत."

पलीकडं वही मिटल्याचा आवाज आला.

"पुढं पुढं यंत्र मी नंतर लावायचे, बाई," आकडेबाई म्हणाली. "आधी बघायचे. बघितलं की कळायचं, दीड."

"पुन्हा सांग," शेडबाई म्हणाली. ऐकू अगदी स्वच्छ आलं होतं.